जोतं हवंच असं नाही
उतारावर लाकडी खोल्या बांधायच्या तर आधी सपाटीकरण आणि जोतं हवंच, असं तुम्ही तुमच्या खोल्यांबद्दल लिहिताना म्हटलंय. मला हे पटत नाही. नॉर्वेत वाल्डालचं युवेट हॉटेल बघा. येन्सन आणि स्कोडविन या वास्तुरचनाकारांनी तिथे खडकात भोकं पाडून ४० मिलिमीटरचे पोलादी दांडे रोवले आणि खोल्या त्यांवर उचलून धरल्या. सुरुंग लावले नाहीत, त्यामुळे खडक आणि झाडं जवळपास होती तशीच राहिली. भिंतींना आतून काळसर तेल दिलंय, काचेत खोलीचं प्रतिबिंब पडू नये, बाहेरचंच दिसावं म्हणून. हे तर मला फारच आवडलं! मात्र सुरुवातीच्या खोल्या फक्त उन्हाळ्यासाठी होत्या, थंडी अडवणारा थर नसलेल्या. तुमच्या खोल्या बारमाही आहेत का?