मदत हवी आहे: ऑस्ट्रियाचं २०१७ चं सरकार आणि रशिया

कॉलेजच्या वादविवादात 'ते सरकार रशियाधार्जिणं होतं' ही बाजू माझ्या वाट्याला आली आहे. ऑस्ट्रियातल्या फ्रीडम पार्टी या अतिउजव्या पक्षाने डिसेंबर २०१६ मध्ये पुतिन यांच्या युनायटेड रशिया पक्षाशी सहकार्य करार केला आणि वर्षभरात ती चान्सलर (सरकारप्रमुख) कुर्त्स यांच्या सरकारात बसली, एवढं सापडलं. सॅलिसबरी प्रकरणानंतर (२०१८ मध्ये ब्रिटनमध्ये माजी रशियन हेरावर झालेला विषप्रयोग) ऑस्ट्रियाने एकही रशियन राजनैतिक अधिकारी हाकलला नाही, हेही. तेव्हाच्या परराष्ट्रमंत्री क्नाइस्ल यांच्या लग्नात पुतिन नाचले तो फोटो जो तो दाखवतो, पण नाचण्याने काय सिद्ध होणार? समोरचे म्हणणार, तटस्थता १९५५ पासूनची, रशियन गॅस १९६८ पासूनचा, आणि रशियावरचे युरोपचे निर्बंध या सरकारने अडवले नाहीतच. मला जर्मन येत नाही. त्या करारामुळेच घेतला असं दाखवता येईल, असा एखादा सरकारी निर्णय आहे का?