नंदादेवी गिर्यारोहकांना पुन्हा खुली करावी काय?

कातळवाट
ब्रिटिश गिर्यारोहक एरिक शिप्टन आणि बिल टिलमन १९३४ साली आंग थारके, पासांग व कुसांग या शेर्पांना घेऊन उत्तराखंडातल्या ऋषिगंगेच्या घळीतून नंदादेवी शिखराच्या पायथ्याशी पोहोचले, तोवर त्या पर्वतवलयाने कोणालाच दाद दिली नव्हती. २९ ऑगस्ट १९३६ रोजी टिलमन आणि नोएल ओडेल यांनी ७,८१६ मीटरचे हे शिखर गाठले. खरे तर ओडेलबरोबर चार्ल्स ह्यूस्टन जायचा होता, पण वरच्या तळावर डब्यातले बिघडलेले मांस त्याला बाधले आणि ऐनवेळी टिलमनची वर्णी लागली. अशा आटोपशीर मोहिमेची परंपरा असलेला पर्वत १९८३ पासून बंद ठेवण्यात काय हशील आहे? मोजक्या मोहिमांना कडक अटींवर परवानगी द्यावी.

रानवाटा
असहमत. दाखला १९३६ चा द्यायचा आणि १९७४ नंतरच्या दशकाबद्दल चकार शब्द काढायचा नाही, हे बरे नव्हे. परदेशी पथकांना प्रवेश मिळाल्यावर तळावरच्या चुलींसाठी झुडपे तुटली आणि रिकामे डबे तिथेच साचले. पुढे १९९३ साली, म्हणजे बंदीला दहा वर्षे झाल्यावर, लष्कराच्या अभियंता पथकाने सुमारे हजार किलो कचरा खाली आणला. शिवाय १९६५ साली हेरगिरीसाठी वर नेलेले प्लुटोनियमवर चालणारे उपकरण अजून सापडलेले नाही.

कातळवाट
ते उपकरण चीनच्या अणुचाचण्यांवर नजर ठेवण्यासाठी भारत आणि अमेरिका या दोन सरकारांनी पाठवले होते. त्याचे खापर गिर्यारोहणावर फोडू नका. कचऱ्याचा मुद्दा मान्य आहे, परंतु त्यावर अनामत रक्कम आणि पथकांच्या संख्येवर मर्यादा हे उपाय आहेत.

घाटमाथा
आपण दोघेही नंदादेवीच्या खोऱ्यातल्या लाता आणि रेणी या गावांना विसरलात. रेणीच्या बायकांनी १९७४ साली गौरादेवींच्या पुढाकाराने जंगल वाचवले, आणि पुढे संरक्षणाच्याच नावाखाली या खोऱ्यातल्या लोकांची उन्हाळी कुरणे बंद झाली, भारवाहकांची मजुरीही गेली. बंदीची किंमत मोजली ती यांनी. खुले करायचे असेल, तर परवाने देण्याचा अधिकार दिल्लीकडे नव्हे, ग्रामसभांकडे असावा.

रानवाटा
चराईचे हक्क जरूर परत द्यावेत, त्याला माझा विरोध नाही. मात्र मेंढपाळाची वाट आणि शिखरमोहिमेचा तळ यांना एकाच अर्जात बसवू नका. मजुरीच्या आशेने गावांनी मोहिमा मागितल्या, तर तो निर्णय कितपत मोकळेपणाने घेतलेला असेल, याचे उत्तर मला अजून मिळालेले नाही.