कॉलेजचं नाव, ब्रांच आणि आपली मुलं : तुमच्या घरी काय झालं?

बारावीचा निकाल लागला, सीईटीचाही लागला. गेले पंधरा दिवस घरात एकच विषय आहे आणि त्यावर आम्ही तिघंही मोकळेपणाने बोलत नाही.

माझा नवरा सीओईपीचा, म्हणजे पुण्याच्या सरकारी इंजिनिअरिंग कॉलेजचा. साताऱ्याकडच्या एका वाडीतून तो तिथे आला, चार वर्षं होस्टेलवर राहिला, रेगाटासाठी, म्हणजे कॉलेजच्या बोटींच्या सोहळ्यासाठी, पहाटे नदीवर वल्हवायला गेला. तो सांगतो, "त्या फाटकातून बाहेर पडल्यावर मला कुणी गाव विचारलं नाही, बॅच विचारली." 1854 सालापासूनचं कॉलेज आहे, त्याच्या मनात त्याची जागा कुलदैवताच्या शेजारी आहे. मी त्याला कधी नावं ठेवणार नाही, कारण आमचं आजचं घर त्याच चार वर्षांवर उभं आहे.

लेकीचे पर्सेंटाइल चांगले आले. तिथे कॉम्प्युटर मिळणार नाही, पण मेटलर्जी, म्हणजे धातुशास्त्र, मिळू शकेल. नवरा म्हणतो ब्रांच कुठलीही असो, नाव तेच हवं. तिला मात्र भूशास्त्र शिकायचंय. नववीत असताना एका विहिरीच्या खोदकामातून तिने स्टिल्बाइट या खनिजाचा तुकडा उचलून आणला. तेव्हापासून तिच्या कपाटाच्या खालच्या कप्प्यात चपलांच्या खोक्यांमधून दगड आहेत, प्रत्येकावर चिठ्ठी. फर्ग्युसनला बी.एस्सी.ची जागा मिळाली, ती फी आम्ही भरूनही ठेवली, "हातात असू दे" म्हणून.

परवा रात्री इंजिनिअरिंगच्या केंद्रीय प्रवेश फेऱ्यांचा, म्हणजे 'कॅप'चा, ऑप्शन फॉर्म भरला. भरला नवऱ्याने, ती शेजारी बसून मान हलवत होती. पहिला पर्याय पहिल्याच फेरीत मिळाला तर सीट आपोआप फ्रीझ होते, म्हणजे पुढच्या फेऱ्यांत बदलता येत नाही, हे तिला माहीत आहे. फॉर्म कन्फर्म करायला अजून चार दिवस आहेत.

मला सल्ला नकोय. तुमच्या घरी काय झालं ते वाचायचंय. आईबाप म्हणून लिहा, मुलं म्हणून लिहा. एखाद्या संस्थेबद्दल तक्रार असेल तर तिचं नाव घेऊ नका.

*

लालबागहून, वय 56

ताई, तुमच्या मिस्टरांचं मला कळतं. माझे वडील गिरणीत साचेवाले. खात्यात जो साहेब फिरायचा तो व्हीजेटीआयचा, माटुंग्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजचा. वडिलांनी आयुष्यभर बघितलं की यंत्र बिघडलं की मुकादम गप्प होतो, जॉबर गप्प होतो आणि 'व्हीजेटीआयचा माणूस' येऊन दोन प्रश्न विचारतो. माटुंग्याला मावशीकडे जाताना ते मला मुद्दाम त्या रस्त्याने न्यायचे आणि फाटकासमोर उभं करायचे. म्हणायचे, इथे शिकलास तर तुला कुणी अरेतुरे करणार नाही.

18 जानेवारी 1982 ला संप सुरू झाला तेव्हा मी सातवीला. दहावी झालो तेव्हा घरात पगार येणं थांबून तीन वर्षं उलटून गेली होती. आई खानावळीचे डबे करायची. मी आयटीआयला फिटर ट्रेड घेतला, मग रेल्वेच्या वर्कशॉपमध्ये अप्रेंटिस लागलो. तिथेच नोकरी केली, चांगली केली.

वडिलांनी मला कधी बोलून दाखवलं नाही. पण रिझल्टच्या दिवसांत पेपरात टॉपर मुलांचे फोटो यायचे, ते पान ते घडी करून ठेवून द्यायचे. 1997 ला त्या संस्थेचं नाव बदलून वीरमाता जिजाबाई झालं, ती बातमी त्यांनी मला मोठ्याने वाचून दाखवली होती.

लोक म्हणतात आईबापांना मिरवायला नाव पाहिजे. माझ्या बापाला मिरवायचं नव्हतं. कॉलेजचं नाव पाठीशी असलेल्या माणसासमोर त्याला रोज मान खाली घालावी लागायची. त्याला ते नाव माझ्या पाठीशी हवं होतं. मला आजही त्या रस्त्याने जावंसं वाटत नाही.

*

बीड जिल्ह्यातून, झेडपी शाळेतला शिक्षक

माझी चूक लिहितो. मुलीला दहावीला 94 टक्के पडले आणि मी तिला लातूरला ठेवलं. आमच्याकडं हुशार पोरगं म्हणजे लातूर, लातूर म्हणजे नीट आणि नीट म्हणजे एमबीबीएस, यात विचारायचं काही नसतंय. एका खोलीत तीन मुली, खानावळीचा डबा, सकाळी सातला क्लास. बारावीनंतर पहिल्या वेळी सरकारी एमबीबीएसला मार्क कमी पडले. मी म्हणालो रिपीट कर. दुसऱ्या वेळी परत कमी. मी परत म्हणालो रिपीट कर. तिनं फोनवर फक्त "बरं" म्हटलं. त्या "बरं"चा आवाज मला त्या दिवशी ऐकू यायला पाहिजे होता.

पुढच्याच महिन्यात तिचे केस गळायला लागले, मग पाळी बंद झाली. बायको लातूरला जाऊन तिला घेऊन आली. मी शाळेतून घरी आलो तर पोरगी गोठ्यात बसलेली, गाईच्या पाठीवर हात ठेवून.

नीटच्याच मार्कांवर उदगीरच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयाला लागत होतं, तिथं घातलं. आणि पाहुण्यांत मी काय सांगत होतो? "पोरगी डॉक्टरकी करते." कशाची ते सांगत नव्हतो. तिच्या आत्यानं एकदा तिच्यासमोरच विचारलं, कुठलं मेडिकल? मी विषय बदलला. ती माझ्याकडं बघत होती.

2022 ला गुरांत लम्पीची साथ आली. इंटर्नशिपची पोरं लसीकरणाला गावोगाव फिरली, त्यात ती होती. आमच्याही गावात आली. पहाटेपासून दुपारपर्यंत दावणीदावणीला जाऊन तिनं लस टोचली आणि घरी येऊन न जेवता झोपली. संध्याकाळी एक म्हातारा तिला विचारत आला, त्याच्या बैलाच्या अंगावर गाठी उठलेल्या. म्हणाला, "डॉक्टरबाई हायत का?" मी आत जाऊन तिला उठवलं. त्या दिवसापासून मी 'जनावरांची डॉक्टर' असं पूर्ण सांगतो. तिची मधली दोन वर्षं मात्र मला परत देता येत नाहीत.

*

धुळे जिल्ह्यातून, वय 27

इथे सगळे सांगतायत की आईवडील मोठ्या नावासाठी हट्ट करतात. माझ्या घरात तो हट्ट फक्त भावासाठी झाला.

मला पुण्यातल्या सरकारी इंजिनिअरिंग कॉलेजची सीट लागली होती. अलॉटमेंट लेटर माझ्या फोनवर होतं. पप्पा म्हणाले, तालुक्याला कॉलेज आहे ना, एसटीने जाऊन येऊन होतं. मुलीला एवढ्या लांब कशाला? मी तीन दिवस जेवले नाही. काकूंनी समजावलं, उद्या लग्न झाल्यावर कॉलेजचं नाव कोण विचारतं?

तालुक्याच्या कॉलेजात प्रयोगशाळेला कुलूप असायचं. जर्नल आम्ही मागच्या वर्षीच्या जर्नलवरून उतरवायचो. तीन वर्षांनी भावाला माझ्यापेक्षा खूप कमी मार्क पडले. त्याला मॅनेजमेंट कोट्यातून पुण्याला पाठवलं, त्यासाठी दोन एकराचा तुकडा विकला. माझ्या सीटला सरकारी फी होती.

मला भावाबद्दल राग नाही. तो मला स्वतः म्हणाला की ताई, तुझी जागा मला मिळाली. मी आता नाशिकला नोकरी करते, मिळालेल्या डिग्रीवरच मिळाली, उशिरा मिळाली. चुलतबहिणीची वेळ आली तेव्हा घरात परत तेच सुरू झालं. 2024 पासून आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरातल्या ओबीसी, ईडब्ल्यूएस, एसईबीसी मुलींची व्यावसायिक अभ्यासक्रमाची फी शासन भरतं. काकांपुढे जीआर ठेवला, तरी काका म्हणाले, प्रश्न पैशाचा नाही. मी म्हटलं, मग कशाचा आहे ते तिच्यासमोर बोला. ते बोलू शकले नाहीत. ती आता पुण्यात शिकते, पहिल्या वर्षी तिची खोली मी लावून दिली.

ताई, तुमच्या लेकीसमोर दोन चांगल्या जागा आहेत आणि दोन्ही तिच्याच शहरात. हे वाचूनच मला बरं वाटलं.

*

निवृत्त प्राध्यापक, रसायनशास्त्र, ज्युनिअर कॉलेज

थोडक्यात लिहितो. शेवटची सहा-सात वर्षं माझ्या हजेरीपटावर 120 मुलं असत आणि वर्गात नऊ-दहा. उरलेली क्लासला, कारण क्लासचं आणि कॉलेजचं टाय-अप. पालकच प्रवेशाच्या वेळी विचारत, "हजेरीची सक्ती नाही ना?" क्लासचं नाव मोठं, त्यामुळे कॉलेज नावापुरतं. प्रात्यक्षिक परीक्षेला ही मुलं ब्युरेट उलटी धरत. त्यांना मी बारावी पास केलं, माझ्या सहीने. तेव्हा एकदाही अडून बसलो नाही, याची टोचणी आहे.

वर्गात येणाऱ्या नऊ मुलांपैकी एक मुलगा दरवर्षी दिवाळीला भेटायला येतो. तो कुठल्याच मोठ्या कॉलेजात गेला नाही. यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठातून पदवी घेतली, दिवसा औषधाच्या दुकानात काम करून. त्याच्या आईने कॉलेजचं नाव कधी विचारलं नाही, "सर, त्याला समजतंय ना?" एवढंच विचारायची.

*

सनीव्हेल, कॅलिफोर्निया

मी पवईच्या आयआयटीतून इथे आले. मुलगा अकरावीत असल्यापासून महाराष्ट्र मंडळाच्या प्रत्येक कार्यक्रमात एकच प्रश्न असे, कुठे कुठे अप्लाय करतोय? स्टॅनफर्ड इथून गाडीने पाऊण तासाच्याही आत, बर्कली खाडीपलीकडे. ही नावं इतकी जवळ असतात की ती आपलीच आहेत असं वाटू लागतं. त्याचा निबंध मी रात्री उघडून दुरुस्त करायचे. एकदा त्याने विचारलं, "आई, हा मुलगा कोण आहे? मी नाहीये हा."

मार्चमध्ये एकामागून एक नकार आले. त्याने स्वतः ठरवलं की डी अँझा या कम्युनिटी कॉलेजला जायचं आणि दोन वर्षांनी यूसीमध्ये, म्हणजे कॅलिफोर्निया विद्यापीठात, ट्रान्सफर घ्यायची. इथे हा रस्ता अगदी रुळलेला आहे, हजारो मुलं जातात, पैसेही पुष्कळ वाचतात. सगळं माहीत असून त्या वर्षी गणपतीला मी आजारी असल्याचं कळवलं आणि गेले नाही. कारण तिथे विचारलं असतं.

पुण्याला आईला फोन केला तर ती म्हणाली, "कॉलेजला घरून जातो ना? मग दोन वर्षं आणखी मिळाली तुला." मुलगा दोन वर्षं घरून जाऊन येऊन करत होता. संध्याकाळी आम्ही दोघं भांडी आवरताना तो वर्गातल्या लोकांबद्दल सांगायचा. चाळिशीतली एक नर्स, सैन्यातून परत आलेला एक जण. पुढे तो यूसी डेव्हिसला गेला. मंडळात मी अजूनही 'डेव्हिस' आधी सांगते, डी अँझा विचारलं तरच. ही सवय जात नाही.

*

फोंड्याहून

आमच्यात भांडण झालंच नाही म्हणून लिहू का असं वाटलं होतं. मुलाला इंजिनिअरिंग कॉलेज घरापासून दहा मिनिटांवर, फर्मागुडीला. त्याने पणजीला आल्तिनोवरचं कला महाविद्यालय निवडलं. बाबा, म्हणजे त्याचे आजोबा, देवळातल्या लाकडी कामाचे कारागीर. ते म्हणाले, "हात शिकवणारं शिक्षण आहे, जाऊ दे." वडीलधाऱ्याने एवढं म्हटल्यावर माझ्या मनात होतं ते मी बोललोच नाही. आता वाटतं, बरं झालं.

*

धागा सुरू करणारी, आठवड्यानंतर

सगळ्यांचं वाचलं, काही दोनदा. लालबागच्या दादांचं नवऱ्याला वाचून दाखवलं. तो ऐकत होता, मग गॅलरीत जाऊन उभा राहिला. त्याचे वडीलही त्याला असंच एका फाटकासमोर उभं करायचे का, हे मी वीस वर्षांत कधी विचारलं नव्हतं. विचारलं. ते तमाशाच्या फडात तंबू ठोकणारे, पुणं त्यांनी फडाबरोबरच पाहिलेलं. संगम पुलावरून जाताना त्यांनी त्याला ती इमारत लांबून दाखवली होती.

लेकीने फॉर्म कन्फर्म केला नाही. मुदत संपल्यावर जेवताना तिने सांगितलं, शांतपणे, ताटाकडे बघत. मी तिला तसं करायला सांगितलं नव्हतं आणि अडवलंही नाही. नवरा ताटावरून उठला नाही, पण दोन दिवस तो तिच्याशी कामापुरतंच बोलला.

काल संध्याकाळी तो तिच्या खोलीत गेला. कपाटाचा खालचा कप्पा उघडून जमिनीवर बसला आणि एकेक चिठ्ठी वाचत राहिला. "या पांढऱ्याला काय म्हणतात?" असं विचारलेलं मी बाहेरून ऐकलं. नातेवाइकांना तो अजून "यंदा फर्ग्युसनला घातलंय" असं सांगतो. त्यातला 'यंदा' लेकीलाही ऐकू येतो. पुढच्या शनिवारी तिची पहिली फील्ड ट्रिप आहे आणि तिला पहाटे सोडायला कोण जाणार हे अजून ठरलेलं नाही.