मदत हवी आहे: सिरियल कन्सोल लागत नाही, पुट्टीत नुसता काळा स्क्रीन

हिंगणा_लाईन: विंडोज लॅपटॉपवरून बोर्डाचा कन्सोल, म्हणजे केबलमधून आज्ञा द्यायची खिडकी, पुट्टी प्रोग्राममध्ये उघडून राहिलो. पुट्टी उघडते, पण एक अक्षर येत नाही. एसएसएच (नेटवर्कवरून बोर्डात शिरणं) सांगू नका, नेटवर्कच बिघडलं आहे. उद्या सकाळी प्लांटवर बोर्ड लावायचा आहे. लवकर सांगा.

तारवाला: कोणता बोर्ड? कोणती केबल? स्पीड किती?

हिंगणा_लाईन: रास्पबेरी पाय ४, छोटा एका बोर्डाचा कॉम्प्युटर. यूएसबीची चार वायरवाली केबल, बुलडीतून आणली. स्पीडला हात लावला नाही.

जुना_ड्रायव्हर: ड्रायव्हरच असणार. केबलमध्ये नकली पीएल२३०३ चिप निघते, नवा ड्रायव्हर तिला घेत नाही. माझे दोन दिवस त्यातच गेले होते.

तारवाला: तसं असतं तर पुट्टीनं पोर्टच उघडला नसता. इथं खिडकी उघडते आहे. भाऊ, पुट्टी आपणहून ९६०० स्पीड धरते, पायला ११५२०० लागतं.

स्विचकाका: ९६०० च ठेवा. वीस वर्षं नेटवर्कचे स्विच लावतो आहे, कन्सोल म्हणजे ९६००. माझी निळी केबल घेऊन जा हवं तर.

तारवाला: काका, ती केबल पायला अजिबात लावू नका! ती आरएस-२३२ ची, म्हणजे जास्त व्होल्टची, पायच्या पिना ३.३ व्होल्टच्या. बोर्ड जळेल.

मुक्त_विंडोज: लॅपटॉपवर लिनक्सच टाका ना.

हिंगणा_लाईन: कंपनीचा लॅपटॉप आहे भाऊ, नाही टाकता येत. ११५२०० केलं, तरी काळंच.

सोल्डरताई: वायरी कशा जोडल्या? केबलचा टीएक्स (पाठवणारी वायर) पायच्या १० नंबर पिनला, आरएक्स (घेणारी) ८ नंबरला, ग्राउंड ६ ला. पायला स्वतःचा अॅडाप्टर असेल तर लाल वायर मोकळी सोडा.

हिंगणा_लाईन: मी टीएक्सला टीएक्स जोडला होता. लाल काढली, वायरी उलटवल्या. तरी नाही.

सोल्डरताई: मग पायचा यूएआरटी, म्हणजे सिरियल पोर्ट, बंद असेल. पाय बंद करून त्याचं मेमरी कार्ड लॅपटॉपमध्ये घाला, त्यातलं बूट पार्टिशन (सुरू होण्याच्या फायलींचा भाग) विंडोजमध्ये उघडतं. कॉन्फिग फाईलच्या शेवटी 'एनेबल अंडरस्कोर यूएआरटी इक्वल टू १' ही ओळ इंग्रजीत, सगळी लहान अक्षरं, मध्ये जागा न सोडता टाका.

जुना_ड्रायव्हर: तरी ड्रायव्हर एकदा बघाच.

बुटीबोरीकर: बुलडीत ही केबल कोणत्या दुकानात मिळते? मलाही पाहिजे.

हिंगणा_लाईन: आलं! बूटच्या ओळी धावल्या, लॉगिन मागून राहिलं. नेटवर्क बिघडलं ते आयपी पत्त्यात मीच एक आकडा चुकवला होता म्हणून, दुरुस्त केला. ताई, खूप आभार.

स्विचकाका: स्विचवर मात्र ९६०० च.

बुटीबोरीकर: दुकान सांगा ना भाऊ.