शीड गुंडाळणे की आखडणे? रोलर फर्लिंगसाठी मराठी शब्द

विचारणा (सातारा)

नौदलाच्या सहा महिला अधिकाऱ्यांनी २०१७-१८ मध्ये ‘तारिणी’ नौकेतून केलेल्या पृथ्वीप्रदक्षिणेनिमित्त मी मुलांसाठी शिडाच्या नौकांची माहिती लिहीत आहे. त्यात ‘रोलर फर्लिंग’ (पुढचे शीड फिरवून गुंडाळण्याची सोय) या शब्दापाशी अडलो. ‘गुंडाळशीड’ असा शब्द योजला, परंतु ‘वारा वाढताच त्यांनी शीड गुंडाळले’ असे लिहिल्यावर नौका थांबल्यासारखी वाटते. आमच्याकडे बामणोली-तापोळ्याच्या लाँची इंजिनावर चालतात, त्यामुळे विचारावे तरी कोणाला?

प्रतिसाद (सांगली)

आपली शंका रास्त आहे. मात्र दोष शब्दाचा नसून एकाच शब्दाकडून दोन कामे करून घेण्याचा आहे. नाळेपासून, म्हणजे नौकेच्या पुढच्या टोकापासून, डोलकाठीच्या माथ्यापर्यंत गेलेल्या तारेवर खाचेची एक लांब नळी बसवलेली असते, तिच्या खाचेत पुढच्या शिडाची कड ओवलेली असते आणि तळाशी दोर गुंडाळलेले एक चाक असते. हा दोर ओढला की चाकाबरोबर नळी फिरते आणि शीड तिच्याभोवती वेढे घेत जाते. संपूर्ण शीड असे बंद करणे म्हणजे फर्लिंग, आणि त्याला ‘गुंडाळणे’ हाच शब्द योग्य आहे; गाशा गुंडाळला की मुक्काम हलतोच.

परंतु वारा वाढल्यावर शिडाचा काही भागच आत घेऊन उरलेल्या कापडावर नौका चालवणे हे वेगळे काम असून त्याला ‘रीफिंग’ म्हणतात. त्यासाठी ‘आखडणे’ हे क्रियापद सुचवतो. हात आखडता घेणारा माणूस खर्च बंद करत नाही, कमी करतो, शिडाचेही तसेच. हा भेद केवळ शाब्दिक नाही. अर्धवट वेढलेल्या शिडाचे मधले कापड फुगीर राहते व वारा येतो त्या दिशेने नौका नीट चढत नाही, म्हणून काही शिडांच्या पुढच्या कडेला फोमची पट्टी शिवतात, आणि शीड लहान झाले की त्याच्या ओढदोराची (शिडाचा मागचा कोपरा ओढून धरणाऱ्या दोराची) कप्पीही पुढे सरकवावी लागते. गुंडाळून ठेवलेल्या शिडाला यातले काहीच लागत नाही. त्याला हवी असते ती उन्हापासून कापड वाचवणारी, बाहेरच्या कडेला शिवलेली पट्टी.

उलट क्रियेसाठी ‘शीड उभारले’ किंवा ‘चढवले’ असे कृपया लिहू नये, कारण हे शीड आधीच वर चढलेले असते. ते ‘उलगडते’.

प्रतिसाद (विटा)

मी यंत्रमागाच्या घरातला, समुद्र पाहिला तो पर्यटक म्हणून. वरील वर्णनावरून आमचे बीम, म्हणजे मागासाठी सूत गुंडाळायचे मोठे रूळ, डोळ्यांसमोर आले. सुताला सारखा ताण नसेल तर बीम सैल भरते आणि पुढे मागावर त्रास देते. शिडाच्या बाबतीत ताणाचे काय करतात?

प्रतिसाद (सांगली)

अगदी तेच. गुंडाळताना ओढदोर एकदम सोडून देत नाहीत, हातात थोडा ताण राखून सैल करत जातात, म्हणजे वेढे घट्ट बसतात. सैल गुंडाळीत वारा शिरला तर शीड सुटून फडफडू लागते. उलगडतानाही चाकाचा दोर हातात धरावा लागतो, नाहीतर तो चाकावर वेडावाकडा बसून पुढच्या वेळी अडकतो. आणि अडकला तर जोर लावू नये. पुष्कळदा शीड वर चढवणारा दोरच माथ्याशी तारेला वेढलेला असतो आणि ओढल्याने तो आणखी आवळतो.

विचारणारा (सातारा)

आभारी आहे. आता वाक्य असे केले आहे: ‘वारा वाढू लागताच त्यांनी पुढचे शीड निम्मे आखडले, आणि बंदरात शिरण्यापूर्वी ते पूर्ण गुंडाळले.’ तळाच्या चाकाला मात्र मी ‘फिरकी’ म्हणणार आहे. मांजा गुंडाळणाऱ्या मुलांना ते समजावून सांगावे लागणार नाही.

प्रतिसाद (सांगली)

‘फिरकी’ आवडली. फक्त तिच्यावर शीड नव्हे, दोर असतो आणि शीड उलगडले की ती भरते, शीड गुंडाळले की रिकामी होते, एवढे एका वाक्यात अवश्य लिहावे. मुले नेमके उलटे समजतील.