शब्दचर्चा: 'हँडिकॅपर जनरल'ला मराठीत काय म्हणायचं? आणि ती माणसं 'समान' की 'सारखी'?

धागाकर्ती:
कर्ट व्हॉनेगटची 'हॅरिसन बर्जेरॉन' ही १९६१ची छोटीशी गोष्ट मराठीत करायला घेतलीय, आमच्या वाचनगटापुरतीच, छापायची वगैरे नाहीये. ज्यांनी वाचली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. साल २०८१, अमेरिकेच्या घटनेत २११, २१२, २१३ नंबरच्या दुरुस्त्या झाल्यात आणि आता कुणीच कुणापेक्षा हुशार नाही, देखणा नाही, ताकदवान नाही. हे जमवलं कसं, तर जो हुशार त्याच्या कानात सरकारी रेडिओ, वीसेक सेकंदांनी एकदा असा कर्कश आवाज की डोक्यात चाललेलं सगळं विसरायला होतं, जो दणकट त्याच्या गळ्यात छर्‍यांची पिशवी कुलूप लावून, आणि बॅले करणार्‍या पोरींच्या अंगावर वजनं नि तोंडावर मुखवटे. या सगळ्याला गोष्टीत हँडिकॅप म्हणतात आणि त्या खात्याची जी प्रमुख बाई ती हँडिकॅपर जनरल. डिक्शनरीत हँडिकॅप म्हणजे अपंगत्व, पण 'महाअपंगकर्ती' लिहिलं की मलाच हसू येतंय.
दुसरी अडचण पहिल्याच वाक्यात. सगळे अखेर 'समान' झाले लिहू की 'सारखे' झाले?

प्रतिसाद १:
अपंगत्व नकोच. हा शब्द रेसकोर्सवरचा आहे. मुळात हँड-इन-कॅप, टोपीत हात घालून खेळायचा अदलाबदलीचा खेळ, त्यात दोन वस्तूंच्या किमतीतला फरक पंच ठरवायचा, मग तोच शब्द घोड्यांच्या शर्यतीत आला. अपंगत्व हा अर्थ खूप नंतरचा. आपल्याकडे महालक्ष्मीला किंवा पुण्याच्या कोर्सवर आजही हँडिकॅप रेस असते, ज्या घोड्याचं रेटिंग जास्त त्याच्यावर वजन जास्त, खोगिराजवळ शिशाच्या पट्ट्या लावतात, आणि कुणावर किती हे ठरवणार्‍याला हँडिकॅपरच म्हणतात. कागदावर हिशेब असा की सगळे घोडे एकदम पोचायला हवेत, म्हणजे बेटिंगला मजा. व्हॉनेगटने हेच उचललं आणि माणसांना लावलं, फक्त इथे शर्यतच नाही, वजन मात्र चोवीस तास.
गोष्टीत हॅरिसनचे वडील जॉर्ज, त्यांच्या गळ्यात ४७ पौंड, म्हणजे साधारण २१ किलो. एकेक छर्रा काढला तर दोन वर्षं तुरुंग आणि दोन हजार डॉलर दंड. मराठीत पौंड ठेवू नका, किलो करा, अंगावर येतं.

प्रतिसाद २:
मग सोपंय की! वजन म्हणजे भार, नियंत्रण करणारी ती नियामक, आणि जनरल हे मिलिट्रीतलं नाही, अटर्नी जनरलमधलं, ज्याला आपण महान्यायवादी म्हणतो, अकाउंटंट जनरल तो महालेखापाल. सबब 'महाभारनियामक'. भारनियमन म्हटल्यावर महाराष्ट्रात कुणाला काय आठवतं ते सांगायला नको, सरकारने अंधार करायचा आणि नाव कसं शास्त्रीय. व्हॉनेगट खूश झाला असता.

धागाकर्ती:
😂 हे घेतलं! आणि ते महाभारत वाटतंय ते बोनस. समान/सारखेचं काय पण?

प्रतिसाद ३:
'सारखे' लिहा. समता हा शब्द असा वाया घालवू नका प्लीज. आपल्याकडे त्याला इतिहास आहे, बाबासाहेबांनी १९२७ला समता सैनिक दल काढलं, पुढच्याच वर्षी 'समता' नावाचं पाक्षिक, ती समता म्हणजे पाणवठ्यावर जाता येणं, माणूस म्हणून वागवलं जाणं. कुणाच्या गळ्यात वजन बांधणं नव्हे, उलट होतं ते काढणं. आपल्या घटनेच्या उद्देशिकेत बघा, 'दर्जाची व संधीची समानता' म्हटलंय, अकलेची आणि उंचीची नाही. अशा डिस्टोपियन, म्हणजे भविष्यातल्या भयाण राज्याच्या, गोष्टी वाचून लोक लगेच आरक्षणाच्या वादात 'बघा समतेचं काय होतं' म्हणून फेकतात, वैताग येतो. गोष्टीत जे चाललंय त्याला मराठीत चांगला शब्द आहे, खच्चीकरण.

प्रतिसाद ४:
वरच्यांशी अर्धा सहमत, म्हणजे चर्चेत सारखेपणा म्हणा, सरसकटीकरण म्हणा, खच्चीकरण तर अगदीच फिट, पण अनुवादात 'समान'च हवं, कारण सगळी गंमत त्यातच आहे, ते सरकार स्वतःला खच्चीकरण खातं म्हणवून घेणार आहे का? गोष्टीचा निवेदक सरळ तोंडाने सांगतो की सगळे अखेर समान झाले, आणि वाचकाला पुढच्या दोन पानांत कळतं की हे समान नव्हेत, नुसते सारखे करून ठेवलेत. पहिल्या ओळीतच सारखे लिहिलंत तर पत्ते उघडे टाकल्यासारखं होईल. शब्द चोरीला जातो ते दाखवायचंय, तर चोरीला गेलेला शब्दच दिसला पाहिजे.
ऑर्वेलच्या 'अ‍ॅनिमल फार्म'मध्येही तसंच. सगळे प्राणी समान पण काही जास्त समान. इथे समान चालतं कारण समानला कमी-जास्त नसतं, म्हणून टोचतं. 'काही जास्त सारखे' करून बघा, अर्थच वेगळा, आपण विचारतो कुणासारखे? गंमत म्हणजे शेवटच्या पानावर डुकरं माणसांसारखी दिसायला लागतात, तिथे मात्र सारखेच पाहिजे. एकाच पुस्तकात दोन्ही शब्द आपापल्या जागी.
आणि वकिलांनीही ही गोष्ट अशीच फेकलीय बरं का, २००५ साली कॅन्सस राज्यात शाळांना पैसा किती याचा खटला होता, त्यात 'हॅरिसन बर्जेरॉन' आणली. व्हॉनेगट हयात होता तेव्हा, त्याने सांगितलं की गोष्ट बुद्धी आणि गुणांबद्दल आहे, आणि पैसा असणं म्हणजे यातलं काहीच सिद्ध होत नाही. म्हणजे प्रतिसाद ३ची चिंता रास्त आहे, फक्त इलाज अनुवादात नाही, तळटीप द्या हवी तर.

प्रतिसाद ५:
एल. पी. हार्टलीची 'फेशियल जस्टिस' (१९६०) ही कादंबरी कुणी वाचलीय? त्यात चेहर्‍यांची प्रतवारी, अल्फा, बीटा, गॅमा. सुंदर चेहरा म्हणजे बाकीच्यांवर अन्याय, म्हणून ऑपरेशन करून मधला बीटा चेहरा बसवायचा. व्हॉनेगटपेक्षा ही जास्त चावते मला, कारण इथे बंदूक घेऊन कुणी येत नाही, आजूबाजूचे लोकच आडून सुचवतात, अगं करून घे ना. आणि शब्दचर्चेला खाद्य म्हणजे तिथे दोन ई आहेत, चांगला ई म्हणजे इक्वॅलिटी, वाईट ई म्हणजे एन्व्ही, सगळं राज्य त्या दोन अक्षरांवर चाललंय. मराठीत कसं करायचं? समता आणि मत्सर, अक्षर जुळत नाही.

प्रतिसाद २:
चांगला स आणि वाईट स. समता, सवतीमत्सर.

प्रतिसाद ५:
नमस्कार घ्या _/\_

प्रतिसाद १:
मत्सरावरून आठवलं, रशियन लेखक झाम्यातिनच्या 'वी' या कादंबरीत माणसांना नावं नाहीत, नंबर आहेत, नायक डी-५०३. सगळं एकसाची, तरी त्याला कबूल करावं लागतं की नाकं अजून वेगवेगळी आहेत, म्हणजे हेवा करायला थोडी जागा उरलीय. १९२०च्या सुमाराचं लिखाण आहे हे, रशियात छापायला १९८८ उजाडलं.
बाकी आपल्याकडे 'सब घोडे बारा टक्के' आहेच. रेसकोर्सवाल्यांना नाही पटणार म्हणा, तिथे प्रत्येक घोड्याची पारख तरी करतात.

प्रतिसाद ३:
प्रतिसाद ४चं पटलं, अनुवादात समान ठेवा. एक राहिलं. आई हेझल, तिला एकही वजन नाही कारण तिची बुद्धी अगदी सरासरी. पोराला टीव्हीवर गोळी घालतात, ती रडते, आणि कशासाठी रडले तेच विसरते. तिच्यासाठी 'सर्वसाधारण' नको, 'सामान्य' लिहा. सामान्य हा समानवरूनच झालाय, पहिल्या ओळीतला समान आणि ही सामान्य, वाचणार्‍याच्या कानाला लागेल.

धागाकर्ती:
हे माझ्या डोक्यात आलंच नसतं. सामान्य नक्की. आता त्या खात्याच्या माणसांचं बघायचंय, मूळात एच-जी मेन आहे, अमेरिकेतल्या जी-मेनवरून, म्हणजे एफबीआयच्या माणसांवरून. 'म.भा.नि.ची माणसं' कसं वाटतं? की टिंब काढून नुसतं मभानि?

प्रतिसाद २:
टिंबांसकट. सरकारी आहे ते.