नंबर आला, ऑफर गेली. चूक कोणाची?

टाचणी (धागाकर्ती):
दोन महिने मनातल्या मनात चरफडून झालं, आता इथे लिहितेय. जुन्या कंपनीची रेंज घरात धड येईना म्हणून नंबर दुसरीकडे पोर्ट करायचं ठरवलं. ऑफर अशी होती: नंबर घेऊन या, जुना फोन जमा करा, नव्या फोनची किंमत 24 महिन्यांत बिलातून वळती करू. दुकानातला मुलगा म्हणाला, "मॅडम, फोन आजच घ्या, सध्या आमचा नवा नंबर टाकून रेंज बघा. जुना आठवड्याने आणू." मला ते शहाणपणाचं वाटलं. आठवड्याने नंबर आला, जुना फोनही दिला. पहिलं बिल आलं, दुसरं आलं, वजावट शून्य! कस्टमर केअर म्हणतं, फोन घेतला त्या दिवशी तुमचा नंबर बाहेरून आलेला नव्हता, नंतर आणलेला चालत नाही. त्यांच्याच माणसाचं ऐकलं म्हणून मी अपात्र. माझ्या मते काउंटरवरचा माणूस बोलला म्हणजे कंपनी बोलली. पटतंय का?

खडूफळा:
नाही पटत. राग मानू नका, पण अटींवर सही तुमची आहे. आणि ही अट उगाच नसते. लोक काय करतात माहीत आहे? केवळ ऑफरसाठी दुसऱ्या कंपनीचं सिम घेतात, मग पोर्ट करतात आणि 'बाहेरून आलो' म्हणून फोन उचलतात. म्हणून कंपन्या नंबर किती दिवस जुना आहे, कोणत्या दिवशी आला, हे सगळं बघतात. तोंडी शब्दावर ऑफर द्यायची तर जो तो "मला असं सांगितलं होतं" म्हणेल.

टाचणी:
सही टॅबलेटवर घेतली हो, बोटाने. अटी वर सरकवून त्यानेच खालची चौकट दाखवली.

काउंटरपलीकडचा:
अशा दुकानात चार वर्षं काढली आहेत म्हणून सांगतो. आमचं दुकान कंपनीचं नव्हतंच, पाटी तेवढी कंपनीची. आम्ही अधिकृत विक्रेते. पोर्ट अडकला की त्या दिवसाचं टार्गेट बुडायचं, नवा नंबर मात्र दहा मिनिटांत चालू. आता त्या मुलाने सल्ला का दिला असेल ते बघा. त्याला तुमची ऑफर बुडवायची नसेल, पण ती टिकते की नाही हे बघायचं त्याला कारणही नव्हतं. ताई, तो तुमच्याशी चॅटवर किंवा एसएमएसवर काही बोलला असेल तर ते जपून ठेवा. कंपनी फक्त तेवढंच मानते.

निवांत_नाना:
खडूफळा, सहीचं म्हणणं मान्य, पण मूळ गोष्ट वेगळी आहे. पूर्वी कंपन्या नंबरने बांधून ठेवत. कंपनी बदलली की नंबर गेला, मग बदलतो कोण? मोबाइल नंबर सोबत नेण्याची सोय सिंगापूरने 1997 मध्ये सुरू केली, अमेरिकेत 2003 मध्ये आली, भारतात देशभर 2011 मध्ये. नंबरची बेडी सुटल्यावर दुसरी शोधली गेली. 'फुकट फोन' फुकट नसतोच. पूर्ण हप्ता बिलात लागतो आणि तेवढीच वजावट दाखवतात. मधेच सोडलंत की वजावट बंद, उरलेले हप्ते तुमच्या गळ्यात. जानेवारी 2014 मध्ये टी-मोबाइलने अमेरिकेत जाहीर केलं की जुनी कंपनी सोडण्याचा दंड आम्ही भरू. त्यातही जुन्या कंपनीचं शेवटचं बिल ग्राहकाने पाठवायचं, मग परतावा. कागद सांभाळायचा कोणी? आपण. सगळी खटपट ग्राहकाकडे ठेवली की थोडे लोक चुकणारच, आणि चुकलेल्याचे पैसे वाचतात.

खडूफळा:
नाना, म्हणजे मुद्दाम चुकवतात असं म्हणायचंय?

निवांत_नाना:
मुद्दाम कशाला हवं? चुकू दिलं की पुरे.

खडूफळा:
हे जरा फार होतंय. मी दोनदा पोर्ट केलंय, दोन्ही वेळा ऑफर मिळाली. जुनं कनेक्शन आपण होऊन बंद केलं नाही (तसं केलं की नंबरच हातचा जातो), ऑफरच्या पानाचे स्क्रीनशॉट काढले, जुना फोन देताना आयएमईआय (प्रत्येक फोनचा वेगळा ओळख क्रमांक) दिसेल असे फोटो घेतले. अर्धा तास गेला. तेवढंही करायचं नसेल तर पूर्ण किमतीचा फोन घ्यावा.

काउंटरपलीकडचा:
तुम्ही अपवाद आहात राव. चार वर्षांत आयएमईआयचा फोटो काढणारं गिऱ्हाईक मला एकही भेटलं नाही.

टाचणी:
एक सांगायचं राहिलं. त्या मुलाचा एसएमएस सापडला: "सोमवारी जुना नंबर आणा, ऑफर तीच राहील." तो लेखी तक्रारीला जोडला. आज फोन आला, 'सद्भावना म्हणून' निम्मी रक्कम एकदाच बिलात वळती करतो म्हणाले, पण पुन्हा तक्रार करणार नाही असं लिहून द्यायचं.

खडूफळा:
घ्या आणि मोकळ्या व्हा. नियमाने तेवढंही निघत नव्हतं.

निवांत_नाना:
अजिबात घेऊ नका. लिहून मागतायत म्हणजे तो एसएमएस त्यांना टोचलाय.

टाचणी:
नाही म्हटलं. निम्मीच द्यायची तर माझा जुना फोन परत करा म्हणाले. तर म्हणे, तो कधीच पुढे गेला.